परमुलखातील दारे

दादरचा फुलबाजार केव्हाच जागा झाला असेल; अशा प्रातःकाळी मला ह्यू फिंडले या मॉर्मन धर्मप्रचारकाचे स्मरण होते. १८५२ साली तो मुंबईत उतरला, उपेक्षा सोशीत पुण्यास गेला, आणि तेथील लष्करी अंमलदारांनी छावणीत मज्जाव केला असताही मूठभर अनुयायांची मंडळी त्याने उभी केली. त्याचा पंथ आपला नव्हे. तथापि जेथे आपले असे कोणीच नाही, तेथे अनेक दारे मिटल्यावरही पुढचे ठोठावण्याचे धैर्य, आणि एखाद्या घरातून ‘या, बसा’ असे शब्द आले म्हणजे होणारा निर्भेळ आनंद, ही मला वंदनीय वाटतात. आजही त्या पंथाचे अनेक तरुण ऐन उमेदीची दोन वर्षे परक्या मुलखात, जोडीदारासह, स्वखुशीने याच कार्यास देतात.