मागील पानावरून पुढे चालू

आमच्या साडूंकडे इंग्लंडात १९६७ सालची लोटस एलान ही स्पोर्ट्‌स कार आहे. गाडीत माणसं दोनच मावतात, म्हणून आमची सौ. तिला 'अर्धवट' म्हणते. आम्ही गेलो तेव्हा साडू गाडीच्या आत नव्हते, खाली होते.

एलानची बॉडी फायबरग्लासची, तिला गंज माहीत नाही. पण ती ज्यावर बसते ती चासी पोलादी पत्र्याची, पाठीच्या कण्यासारखी मधून गेलेली. तिकडे हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात. मिठाचं पाणी चासीच्या पोकळीत शिरतं आणि आतून खात सुटतं. वरून कांती तुकतुकीत, आत खुळखुळा! (असे एक साहेब आम्हाला लाभले होते. पण ते असो.) गंमत म्हणजे या गाडीचे पुढचे दिवे हवा खेचून वर उचलले जातात आणि त्यासाठीची निर्वात टाकी म्हणजे चासीचाच पुढचा आडवा भाग. त्याला भोक पडलं की दिवे खाली येऊ लागतात. साडूंची गाडी भर रस्त्यात पेंगायला लागली, तेव्हा कळलं.

विकणाऱ्याने "सगळं मूळचं आहे" असं शपथेवर सांगितलं होतं. खोटं कसं म्हणावं? भोकंसुद्धा मूळचीच होती. वर फक्त डांबरी काळा रंग फासला होता.

शेजाऱ्याचा सल्ला सरळ होता. आणखी एक हात काळा रंग द्या आणि विकून टाका. चासी बदललीत तर ती तीच गाडी कशी राहील? साडू माझ्याकडे बघू लागले. बँकेतल्या माणसाला नीती ठाऊक असते असा लोकांचा एक गोड गैरसमज आहे.

हा प्रश्न १९९० साली लंडनच्या हायकोर्टातही गेला होता. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल मान्सची शर्यत जिंकणारी 'ओल्ड नंबर वन' ही बेंटली. सौदा एक कोटी पौंडांचा. घेणारा म्हणाला, ही ती गाडीच नव्हे. खरंच, १९२९ मधलं तिच्यात जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. तरी न्यायमूर्तींनी ती तीच ठरवली. भाग बदलत गेले, पण गाडीचा इतिहास कुठे तुटला नव्हता.

मला हे लगेच पटलं. माझ्या बचत खात्यात पहिल्यांदा भरलेल्या दहाच्या नोटा आता कुठे असतील देव जाणे. लेजर बदलली, कॉम्प्युटर आला, माझी सहीसुद्धा पूर्वीसारखी येत नाही. तरी खातं माझंच, कारण प्रत्येक पानावर मागची शिल्लक पुढे ओढलेली आहे. खाडाखोड चालते, शेजारी सही हवी. पान चिकटवून टाकलेलं मात्र चालत नाही. काळा रंग म्हणजे चिकटवलेलं पान!

साडूंनी जस्ताचा मुलामा दिलेली नवी चासी मागवली. बॉडी उचलताना एक कोपरा मीही धरला. कंबर अजून धरलेली आहे. बिल गाडीच्या फायलीत तारखेनिशी लागलं.

जुनी चासी परसात उभी आहे. मेहुणीने तिच्यावर घेवडा चढवलाय आणि ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "मांडव मूळचा आहे हं!"