क्रॅटॉस, मारिओ आणि केळना नदी

दिवाळीच्या सुट्टीत जालन्याचा एक मुलगा भोकरदनकडे मामाच्या गावी आला आणि दुसऱ्याच दिवशी मामेभावाशी त्याचं बिनसलं. कारण काय, तर क्रॅटॉस आणि मारिओ यांची झुंज लागली तर जिंकणार कोण.

जालनेकराचे वडील सळ्यांच्या कारखान्यात कामाला. पोरगा रविवारी पार्लरमध्ये तासाचे पैसे मोजून प्लेस्टेशन खेळायचा. त्याचा क्रॅटॉस म्हणजे २०१०च्या खेळात साक्षात झ्यूसला, ग्रीकांच्या देवराजाला, लोळवणारा गडी. मामेभावाकडे टीव्हीला जोडायचा जुना कॅसेटचा गेम होता आणि त्यात १९८५चा मारिओ. मिशीवाला, नळदुरुस्तीवाला.

"कासवाचा धक्का लागला तरी मरतो तुझा गडी! तो देव मारणाऱ्यापुढं उभा राहणार?"

"चांदणी मिळाली की त्याला कोणी हात लावू शकत नाही."

"कुऱ्हाडीचा एक घाव बसू दे, मग सांग."

"बसेल तवा ना!"

अशा वादात दोघांकडेही पुरावे असतात आणि दोघांचेही खरे असतात, म्हणून तो मिटत नाही. तिसऱ्या दिवशी पोरं एका पंगतीला बसेनात. तेव्हा मामेभावाची थोरली बहीण दोघांना घेऊन केळना नदीवर गेली. ती कॉलेजात इतिहास शिकत होती.

"तुमचं नंतर बघू," ताई म्हणाली. "आधी माझी झुंज लावा. एका बाजूला शंभराच्या आसपास तोफा, युरोपी कवायत शिकलेल्या पलटणी आणि हजारोंचं घोडदळ. दुसऱ्या बाजूला सगळे मिळून दहा हजारसुद्धा नाहीत, तोफा थोड्या, सकाळपासून पायपीट करून आलेले. मधे नदी. वाटाडे म्हणतात, उतार नाही. कोण जिंकेल?"

तीन दिवसांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं. पहिली बाजू. यात विचारायचं काय?

"त्या लहान फौजेच्या सेनापतीला लांबून नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली," ताई पुढं म्हणाली. "एवढंच दिसलं."

जालनेकर गप्प. मामेभाऊ मात्र पटकन म्हणाला, "मग उतार असणारच की! नाही तर या गावची माणसं त्या गावाला जातील कशी? बैलगाड्या, सोयरीक, बाजार?"

"वाटाड्यांना जे सुचलं नाही ते तुला सुचलं," ताई हसली. "वेलस्लीलाही सुचलं होतं."

२३ सप्टेंबर १८०३. असईची लढाई इथंच, केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात झाली. दौलतराव शिंद्यांची फौज नदीच्या आडोशानं निर्धास्त होती. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली पिंपळगावाजवळच्या उतारानं पार होऊन त्यांच्या बाजूवर आला आणि शेवटी जिंकला. पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच.

पण शाळेच्या पुस्तकातल्या एका ओळीत ही लढाई बसवू नये. शिंद्यांच्या पलटणींनी झपाट्यानं तोंड फिरवून नवी फळी उभारली. गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत. काही मेल्यासारखे पडून राहिले आणि इंग्रजांची फळी पुढं सरकताच उठून त्याच तोफा तिच्या पाठीवर डागू लागले. इंग्रजांकडचे दीड हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले. म्हातारपणी वेलिंग्टनला सर्वांत चांगली लढाई कोणती असं विचारलं, तर त्यानं असईचं नाव घेतलं म्हणतात. समोर कच्चे गडी असते तर ते नाव कशाला निघालं असतं?

जालनेकर बराच वेळ पाण्यात खडे मारत होता. मग म्हणाला, "ताई, झुंज मारिओच्या मुलखात लागली तर?"

"तर काय?"

"तिथं पावलापावलावर खड्डे आहेत. अन् तो कुऱ्हाडवाला, २०१८चा क्रॅटॉस..." त्याला पुढचं बोलणं जड जात होतं. "त्या खेळात उडीचं बटणच नाही."

मामेभाऊ हुरळून जाईल असं वाटलं होतं. पण तोही विचारात पडला होता. "अन् क्रॅटॉसच्या मुलखात लागली तर माझ्याला चांदणी कोण देणार? तिथं विटाच नाहीत, डोकं कशावर मारणार?"

"नदी आडवी आली तर?" ताईनं विचारलं.

"मारिओ पोहतो."

"क्रॅटॉसकडं होडी आहे."

"होडी तर त्याचा पोरगा असल्यावर! एकट्याची झुंज ठरली होती ना?"

"काहून? पोरगा असला तरी वल्हं त्याच्याच हातात असतं!"

दोघं भांडत भांडतच घराकडं निघाले. पण आता एक जण खड्डे मोजत होता आणि दुसरा त्याला विचारत होता, की रिमोट कोणाच्या हातात राहील ते आधी ठरव.