अर्धा पगार, पूर्ण दिवस

दोन घरांनी मिळून लेकरं सांभाळायला एकच बाई लावायची, ही सोय आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाही. वणीसारख्या तालुक्याच्या गावातही ती रुळू लागली आहे. मारेगाव किंवा झरी-जामणीच्या शाळेत रोज जाऊन-येऊन नोकरी करणारी शिक्षिका, बदलून आलेलं बँकेतलं जोडपं, रुग्णालयातली परिचारिका, भालर वसाहतीतलं कोळसा खाणीवरचं कुटुंब. यांतल्या कित्येकांची माहेरं-सासरं नागपूर, अमरावती, अकोल्याकडे. गावात आजी नाही आणि पाळणाघर असलंच तर त्याची वेळ ड्युटीशी जुळत नाही. मग शेजारच्या घरात साधारण त्याच वयाचं लेकरू दिसलं की दोन्ही घरं एक बाई ठरवतात. या सोयीला माझा विरोध नाही. तिच्याविषयी जे आणि जेवढंच बोललं जातं, त्याला आहे.

बोललं काय जातं? मुलाला सोबत मिळते की नाही, बाई कुणाच्या लेकराला जास्त जीव लावते, हातात मोबाइल देते का, एकाची सर्दी दुसऱ्याला होते का. सगळी चर्चा दोन आया आणि दोन लेकरं यांच्यातच फिरत राहते. जिच्यावर ही व्यवस्था उभी आहे, ती बाई त्यात 'चांगली मिळाली' किंवा 'टिकली नाही' एवढ्यापुरतीच येते. बालसंगोपनावर तासभर बोलायचं आणि संगोपन करणारीचा विषय मात्र पगाराच्या आकड्यावर संपवायचा, याला मी उथळपणा म्हणतो.

काही मतांशी फार वेळ झगडण्यात अर्थ नाही. 'आईनेच घरी राहावं' हा उपदेश बापाला कुणी करत नाही, यातच त्याची किंमत कळते. 'हे पाश्चात्त्य खूळ' म्हणणाऱ्यांनी कापूस वेचणीच्या दिवसांत शेताच्या बांधावर जाऊन पाहावं. एका बाईच्या नजरेखाली चार घरची लेकरं तिथे काही फ्रान्स-अमेरिकेहून शिकून खेळत नाहीत. 'एकत्र कुटुंब नव्या रूपात परत आलं' असं गहिवरून सांगणाऱ्यांनी त्या कुटुंबातल्या काकू-आत्यांना कुणी कधी विचारलं होतं का, हे आठवावं. मानवी मूल एकट्या आईने कधीच वाढवलं नाही, ते अनेक हातांनी वाढवलं, असं मानववंशशास्त्रज्ञ सारा हर्डी यांनी २००९ च्या आपल्या पुस्तकात मांडलं. ते मला पटतं. पण हात अनेक होते एवढ्यावरून त्या हातांना मोबदला काय आणि कुणी द्यायचा, हे ठरत नाही.

'सरकारने पाळणाघरं काढावीत' हे मत मात्र एका वाक्यात निकालात काढता येत नाही, कारण ते बरोबर आहे. अडचण एवढीच की बरोबर असूनही ते आजच्या लेकराच्या कामाला येत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालशिक्षण गरिबाच्या अंगणात नेलं. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोहोचली. पण तिथली शाळा काही तासांची, आणि तीही तीन वर्षांपुढच्या मुलांची. खाण कायदा १९५२ चा, त्याखालचे पाळणाघराचे नियम १९६६ चे, पण ते खाणीवर काम करणाऱ्या बायकांपुरतेच होते. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ वर नेली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक केलं. वणीतली पतसंस्थेची शाखा, दवाखाना, कापडाचं दुकान या आकड्याच्या आतच राहतात. २०१९ साली उघड्या खाणींत बायकांना रात्रपाळीची मुभा मिळाली आणि वणीभोवतालच्या बहुतेक खाणी उघड्याच आहेत. मुभा योग्यच होती. पण रात्री लेकरू कुणाजवळ ठेवायचं, हा प्रश्न प्रत्येकीने आपापल्या घरी सोडवायचा, असंच त्यात गृहीत होतं. म्हणून वाटून लावलेली बाई ही आजची गरज आहे, चैन नव्हे, हे मी मान्य करूनच पुढे जातो.

आता ज्या मताशी मला खरं भांडायचं आहे ते. हे मत सुशिक्षित आहे, सभ्य आहे आणि वरकरणी बिनतोड आहे: 'यात सगळ्यांचाच फायदा आहे.' त्याचा हिशोब त्याच्या बाजूनेच मांडून पाहू. समजा, एका घरी एक लेकरू दिवसभर सांभाळायला बाई ८,००० रुपये घेते. दोन घरं मिळून ती लागली की प्रत्येक घर ५,००० देतं. बाईला १०,००० मिळतात, म्हणजे २,००० जास्त, आणि प्रत्येक घराचे ३,००० वाचतात. कुणी कुणावर जबरदस्ती केलेली नाही. मग तक्रार कशाची?

एक तक्रार इथेच नोंदवता येईल: बचत दोन घरांची मिळून ६,०००, बाईची वाढ २,००० आणि वाढलेलं लेकरू पूर्ण एक. पण घासाघीस बाजारात चालतेच, म्हणून हा मुद्दा मी ताणत नाही. दर न्याय्य की अन्याय्य, यावर लोक प्रामाणिकपणे वेगळं मत देऊ शकतात. माझा मुद्दा या हिशोबात मांडलेल्या आकड्यांचा नाहीच. त्यात न मांडलेल्या एका महिन्याचा आहे.

तो महिना साधारण मे-जूनचा असतो. जिल्हा परिषदेच्या बदल्या होतात, बँकेचा आदेश येतो, एखादं लेकरू शाळेत जायच्या वयाचं होतं. दोनांतलं एक घर निघून जातं. बाईचे १०,००० एका दिवसात ५,००० होतात. दोन घरं मिळण्याआधी तिला मिळत होते त्याहूनही हे कमी. आणि काम? एक लेकरू कमी झालं खरं, पण सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा तिला त्याच घरी बसायचं आहे. दिवस तेवढाच उरतो, पगार अर्धा होतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: 'धुणीभांडी करणारी बाईही पाच-सहा घरं करते. तिचंही एखादं घर सुटतंच. त्यात काय विशेष?' हे उत्तर इतक्यांदा ऐकू येतं आणि इतक्या सहज पटतं की त्याचा धागा न् धागा उसवणं मला आवश्यक वाटतं. धुणीभांडीवालीची घरं एकापाठोपाठ असतात. सात ते आठ एक घर, आठ ते नऊ दुसरं. एक घर सुटलं की पैसे जातात, पण तासही परत मिळतो. त्या तासात ती दुसरं घर धरते, किंवा वेचणीला जाते, किंवा पाठ टेकते. लेकरं सांभाळणारीची दोन घरं मात्र एकाच वेळी चालतात. एक घर सुटलं की त्याचे पैसे जातात आणि वेळ तिथेच अडकून राहते. विकायला तिच्याजवळ मोकळा तास उरतच नाही. एकापाठोपाठ वाटलेली बाई आणि एकाच वेळी वाटलेली बाई, यांना एका रांगेत बसवणं ही या सगळ्या चर्चेतली मुख्य गफलत आहे.

ती पुढेही जाते. धुणीभांडीवाली आपली घरं स्वतः निवडते. एका घराला दुसऱ्या घराशी देणं-घेणं नसतं. वाटून लागलेल्या बाईला नवं घर शोधायचं तर ते त्याच गल्लीतलं हवं, लेकरू जवळपासच्या वयाचं हवं, वेळ जुळायला हवी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उरलेल्या पहिल्या घराला ते घर पसंत पडायला हवं. तिचा दुसरा मालक कोण असावा, यावर पहिल्या मालकाचा नकाराधिकार चालतो. म्हणजे 'दोन घरं असल्यामुळे तिला उलट सुरक्षितता आहे, एक गेलं तरी एक उरतं', हा दावाही टिकत नाही. जे उरतं ते तिला बांधून ठेवण्यापुरतं असतं, पोसण्यापुरतं नसतं.

खाड्यांचंही तेच. एक घर दिवाळीला पंधरा दिवस गावी गेलं की म्हणतं, आमचं लेकरू नव्हतं, आमचे पंधरा दिवसांचे कापा. दुसऱ्या घराचं लेकरू मात्र रोज येत असतं. तिचा एकही खाडा नाही, तरी पगारातून खाडा कापला जातो. गैरहजर मालक राहिला आणि पैसे कामगाराचे गेले, असा प्रकार दुसऱ्या कुठल्या नोकरीत आपण निमूट मान्य करू?

निदान वणीने तरी करू नये. कायम कामगार आणि ठेकेदाराकडचा कामगार यांतला फरक या गावात शेंबड्या पोरालाही सांगावा लागत नाही. कोळसा कामगारांचा अकरावा वेतन करार मे २०२३ मध्ये झाला, पण मागच्या तारखेने, १ जुलै २०२१ पासून लागू झाला. काम बंद राहिलं त्या दिवसाचं ओझं कंपनीने उचलायचं की कामगाराने, यावर पिढ्यान् पिढ्या लढलेल्या माणसांचं हे गाव. ड्युटीवर आजारी रजेचा एक दिवसही सोडायचा नाही आणि घरी आल्यावर बाईच्या बाबतीत आपणच ठेकेदार व्हायचं, हा दुटप्पीपणा कुणी मुद्दाम करतं असं मी म्हणत नाही. घर ही कामाची जागा आहे, हेच मुळात कुणाच्या मनात येत नाही.

कायद्याच्या मनातही ते अर्धवटच आलं आहे. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा २००८ चा कायदा आहे. घरकामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार २०११ चा, भारताने त्याला अजून अनुसमर्थन दिलेलं नाही. घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला समिती नेमावी, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये केंद्राला सांगितलं. फ्रान्समध्ये दोन कुटुंबांनी मिळून बाई ठेवण्याची रीतसर पद्धत आहे आणि तिथे प्रत्येक कुटुंब स्वतंत्रपणे मालक ठरतं. पण इतक्या दूर जायलाच नको. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात एक तरतूद होती: कामावर आलेल्या बायकांबरोबर पाच किंवा अधिक लहान मुलं असतील, तर त्यांच्यातलीच एक बाई त्यांना सांभाळायला नेमायची आणि तिला मजुरी द्यायची. ती किती ठिकाणी पाळली गेली हा वेगळा विषय. तत्त्व मात्र स्वच्छ आहे. लेकरं सांभाळणं हे मातीकामाइतकंच काम, आणि मजुरी तिच्या दिवसाची. कुणाचं लेकरू त्या दिवशी आलं नाही म्हणून तिच्या मजुरीचा तुकडा पडत नाही.

तर मग दोन घरांनी नेमकं काय करावं? पगार अर्धा-अर्धा द्यावा, जबाबदारी पूर्ण-पूर्ण घ्यावी. हे अवघड वाटत असेल तर पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलेल्या कुणालाही विचारावं. दोन जामीनदार असले म्हणून प्रत्येकाची जबाबदारी निम्मी होत नाही. एकाने हात वर केले तर संस्था दुसऱ्याकडून पूर्ण रक्कम वसूल करते. मिळून दिलेलं वचन कुणाही एकाकडून पुरतं पाळून घेता येतं, हे १८७२ च्या करार कायद्याच्या ४३ व्या कलमातही आहे. पैसे संस्थेचे असतात तेव्हा हे तत्त्व आपल्याला रास्त वाटतं. दिवस बाईचा असतो तेव्हा का वाटू नये? एक घर गेलं, तर दुसरं घर मिळेपर्यंत उरलेल्या घराने बाईला एका लेकराचा पूर्ण दर द्यावा. जाणाऱ्या घराने महिनाभर आधी सांगावं, नाहीतर महिन्याचा वाटा देऊन जावं. एका घराची सुट्टी हा बाईचा खाडा धरू नये.

'एवढ्या अटी घातल्या तर कुणी बाई लावणारच नाही', असं म्हटलं जाईल. पण मी मागतो आहे ते पुन्हा आकड्यात पाहावं. उरलेल्या घराने ८,००० द्यावेत, म्हणजे एकट्याने बाई लावली असती तर पहिल्या दिवसापासून जेवढे दिले असते तेवढेच. जादा एक रुपयाही नाही. जोडीदार घर होतं तोवर महिन्याला ३,००० वाचत होते. ती बचत जोडीदार असेपर्यंतची होती, जोडीदार गेल्यावरही बाईच्या खिशातून ती चालू ठेवण्याचा हक्क कुणी दिला नव्हता. कंत्राटी परिचारिका किंवा विनाअनुदानित शाळेतली शिक्षिका यांना ८,००० ही झेपणार नाहीत, हे मला दिसतं. त्यांच्यासाठी सार्वजनिक पाळणाघराचाच आग्रह धरला पाहिजे. पण ज्यांची ऐपत नाही त्यांच्या आडून ज्यांची ऐपत आहे त्यांनी सूट घेऊ नये. आणि दर काहीही ठरो, दोन घरं एकाच वेळी एका बाईचा दिवस घेतात ही वस्तुस्थिती दराने बदलत नाही.

म्हणून माझ्या दृष्टीने या व्यवस्थेची कसोटी लेकरं किती रमतात ही नाही. रमतात ती, कारण लेकरं रमतातच. कसोटी ही की बाई ठरवण्याआधी दोन्ही घरांनी समोरासमोर बसून एकमेकांना विचारलं का: 'उद्या आमची बदली झाली तर हिचा पूर्ण दिवस एकट्याने पोसायला तुम्ही तयार आहात का?' दोघांचंही उत्तर 'हो' असेल, तर एक बाई दोन घरांनी खुशाल वाटून घ्यावी, त्यात तिचंही भलं आहे. एकाचंही उत्तर 'नाही' असेल, तर त्या दोघांनी वाटून घेतली आहे ती फक्त बचत, आणि तोटा सगळाच्या सगळा बाईच्या नावावर लिहून ठेवला आहे.