रागाचा पत्ता

अमेरिकन फुटबॉलमध्ये बॉल हातात आल्यापासून तो फेकायला क्वार्टरबॅकला जेमतेम अडीच-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात समोरून सव्वाशे-दीडशे किलोचे गडी अंगावर धावून येतात. त्यांना अडवायला त्याच्याच संघाचे पाच दांडगे पुढे भिंत करून उभे असतात आणि ती भिंत किती टिकते यावर त्याचं सगळं अवलंबून असतं. भिंत फुटली की तो बॉलसकट जमिनीवर. याला सॅक म्हणतात. २०२३च्या हंगामात कॅरोलायना पँथर्सचा नवखा क्वार्टरबॅक ब्राइस यंग असा ६२ वेळा आडवा झाला. वय २२, उंची पाच फूट दहा इंच, त्या खेळाच्या मानाने अंगानं किरकोळ. आणि घरच्या मैदानावर अंग झाडत उठताना त्याच्या कानावर येत होती ती आपल्याच प्रेक्षकांची हुर्यो.

त्या प्रेक्षकांना वाईट ठरवायला मी हे लिहीत नाही. त्यांच्या रागाला मुळं आहेत. शार्लट शहरातलं पँथर्सचं स्टेडियम १९९६ साली उभं राहिलं, ते बऱ्याच अंशी चाहत्यांच्या खिशातून. आधी मोठी रक्कम भरून खुर्चीचा हक्क विकत घ्यायचा, मग दरवर्षी त्याच खुर्चीची तिकिटं वेगळे पैसे मोजून घ्यायची, अशी ती पद्धत. हजारो कुटुंबांनी असे हक्क घेतले. हा संघ त्यांना आपला वाटतो, कारण त्याच्या भिंतींत त्यांचे पैसे आहेत. २०१५च्या हंगामात संघ सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत, पोचला होता. २०१८पासून मात्र एकही हंगाम असा गेला नाही की ज्यात पराजयांपेक्षा विजय जास्त. अशा लोकांच्या पुढ्यात २०२३च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, पहिल्या क्रमांकाने निवडलेला, कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च सन्मान असलेली हाइझमन ट्रॉफी मिळवलेला मुलगा आला. आता आपले दिवस पालटणार, असं त्यांना वाटलं तर त्यात चूक काय? आणि संघ पहिले सहाच्या सहा सामने हरला. हंगाम संपला तेव्हा १७पैकी विजय दोन. शेवटच्या दोन सामन्यांत तर एकही गुण नाही.

शार्लटला बँकेत नोकरी करणारा माझा भाचा त्या हंगामात फोनवर म्हणाला, “मामा, एवढे पैसे मोजून थंडीत कुडकुडत बसायचं आणि वर हे बघायचं? ओरडू नको तर काय करू?” मी विचारलं, “पण ओरडतोस कुणावर?” तो म्हणाला, “समोर तोच दिसतो ना!”

त्याचं हे उत्तर मला फार खरं वाटलं. या सगळ्या प्रश्नाचं मर्म त्यातच आहे. बॉल दर वेळी क्वार्टरबॅकच्या हातात येतो, कॅमेरा त्याच्यावर असतो, जर्सी त्याच्या नावाची विकली जाते. ज्यांच्या निर्णयामुळे त्याच्या पुढची भिंत मोडकी राहिली, ते वर काचेच्या आड बसलेले असतात. हुर्यो तिथवर पोचत नाही, म्हणून ती जवळच्या माणसावर पडते. वड्याचं तेल वांग्यावर.

आता ते निर्णय बघा. पहिल्या क्रमांकाची निवड मिळवण्यासाठी पँथर्सनी शिकागोच्या संघाला काय काय दिलं? पुढच्या वर्षीच्या पहिल्या फेरीतली निवड दिली, इतर निवडी दिल्या आणि संघातला सर्वांत भरवशाचा रिसिव्हर, डी. जे. मूर, तोही देऊन टाकला. म्हणजे नवख्या पोराने बॉल फेकायचा आणि तो विश्वासाने झेलणारा माणूस मात्र पोराच्या किमतीतच गेलेला! त्यात भर म्हणजे भिंतीतले दोन्ही बाजूंचे गार्ड जायबंदी झाले. त्या जागी हंगामभर माणसं बदलत राहिली. पाच जणांच्या भिंतीला एकमेकांच्या हालचाली अंगवळणी पडायला महिने लागतात, आणि इथे रविवार उलटला की शेजारी नवा. कुठली चाल खेळायची हे ठरवणारा आवाजही बदलत राहिला. मुख्य प्रशिक्षक फ्रँक राइक यांनी ते काम हंगामाच्या मध्यात साहाय्यकाकडे दिलं, काही आठवड्यांत परत घेतलं, आणि नोव्हेंबरअखेर त्यांनाच काढून टाकण्यात आलं. त्यांच्यापाठोपाठ क्वार्टरबॅकला शिकवणारा प्रशिक्षकही गेला. शिकायला आलेल्या मुलाचे गुरुजी भर सत्रात घरी पाठवायचे आणि निकाल लागला की खापर त्याच्या डोक्यावर फोडायचं, याला न्याय म्हणत नाहीत.

संघाचे मालक डेव्हिड टेपर यांनी हा संघ २०१८ साली घेतला, तेव्हाच्या विक्रमी किमतीला, सव्वादोन अब्ज डॉलरहून जास्त मोजून. त्यांनी हंगाम चालू असताना काढलेले राइक हे तिसरे मुख्य प्रशिक्षक. ३१ डिसेंबर २०२३ला जॅक्सनव्हिलमध्ये संघ हरत असताना त्यांनी आपल्या कक्षातून खालच्या एका प्रेक्षकावर हातातलं पेय फेकलं आणि लीगने त्यांना तीन लाख डॉलर दंड केला. म्हणजे वरचा माणूसही राग खालीच फेकत होता.

मोडकं काय होतं, याचा कबुलीजबाब संघानेच नंतर दिला. मार्च २०२४मध्ये पँथर्सनी रॉबर्ट हंट आणि डेमियन लुइस हे दोन गार्ड घेतले. दोघांच्या करारांची बेरीज १५ कोटी डॉलरच्या वर जाते. गार्डला ना कुणी ओळखतं, ना त्याच्या नावाने कुणी ओरडतं. तरी संघाने तिजोरी तिथे रिकामी केली, कारण दुखणं कुठे होतं ते त्यांना माहीत होतं. हुर्यो मात्र वर्षभर त्या पोराने खाल्ली.

यावर एक वजनदार आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकाने निवडलेला सी. जे. स्ट्राउड त्याच वर्षी ह्यूस्टनसाठी झळकला, नवोदितांचा पुरस्कार घेऊन गेला. मग यंगलाच का जमू नये? यंगच्या चुका होत्याच. कधी तो बॉल फार वेळ धरून ठेवत होता, कधी घाईने जवळच फेकत होता, आणि त्याचे दहा पास थेट प्रतिस्पर्ध्यांच्या हातात गेले. हे बोललंच पाहिजे. खेळ जाणणाऱ्या चाहत्याने ते नेमकं, नाव घेऊन बोलावं. तो पास तिकडे का टाकला, उजवीकडचा मोकळा गडी दिसला कसा नाही, हे विचारणं म्हणजे त्या खेळाडूला गंभीरपणे घेणं. हुर्यो यातलं काहीच विचारत नाही. त्याच्या उंचीवरून, अंगकाठीवरून बोलणं तर खेळावरचं बोलणंच नव्हे.

दुसरा युक्तिवाद पैशाचा. चार वर्षांचे सुमारे ३ कोटी ८० लाख डॉलर घेतो, तर ऐकून घेतलं पाहिजे! आपल्याकडेही क्रिकेटपटूंच्या बाबतीत हे वाक्य रोज कानावर पडतं. पैसे खेळण्याचे आहेत. नीट खेळला नाही तर बाकावर बसवा, पुढचा करार देऊ नका. पैशाचा हिशेब तिथे पुरा होतो. पाणउतारा सोसण्याचं कलम कुठल्याही करारात नसतं, आणि आपण त्याला पगार देतो म्हणून तो आपला गडी झाला, ही समजूत तर सरंजामी आहे. मार्च २०२४पासून नॉर्थ कॅरोलायनात मोबाइलवरून खेळांवर पैजा लावणं कायदेशीर झालं. तेव्हापासून या समजुतीला आणखी धार आली असणार. ज्याचे पैसे बुडतात, तो संघाचा चाहता राहत नाही, देणेकरी शोधणारा सावकार होतो.

आपण यातून सुटलो आहोत, असं मुंबईकराने म्हणू नये. १ एप्रिल २०२४ला वानखेडेवर हार्दिक पंड्याची अशी हुर्यो उडाली की नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. रोहित शर्माकडून कर्णधारपद काढून ते पंड्याला देण्याचा निर्णय संघव्यवस्थापनाचा. तो चुकला असं वाटणाऱ्यांनी व्यवस्थापनाला जाब विचारायला हवा होता. आवाज मात्र मैदानात उभ्या असलेल्या माणसावर पडला. तीनच महिन्यांनी त्याने विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचं शेवटचं षटक टाकलं, आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा गजर झाला. त्या गजराने एप्रिलमधल्या संध्याकाळी भरून निघाल्या, असं मला वाटत नाही. आणि मैदानाबाहेर? सरकारी रुग्णालयात खाट नाही, औषध नाही, आणि नातेवाइकांचा मार खातो तो रात्रपाळीचा निवासी डॉक्टर, कारण मंत्रालय लांब आणि तो हाताशी.

शार्लटच्या लोकांपुढे जाब विचारायची एक खरीखुरी संधी होती. जून २०२४मध्ये, त्या दोन विजयांच्या हंगामानंतर काही महिन्यांतच, स्टेडियमच्या नूतनीकरणासाठी ६५ कोटी डॉलर सार्वजनिक पैसा देण्याचा प्रस्ताव शहराच्या परिषदेपुढे आला. पैसा पर्यटनावरच्या करांतून येणार, म्हणजे हॉटेलच्या खोल्या आणि उपाहारगृहांची बिलं यांतून. इथे नागरिकाला बोलता येत होतं, प्रतिनिधीला फोन करता येत होता, मालकाकडून काय हमी घेतली हे विचारता येत होतं. काही लोक गेले, बोलले. प्रस्ताव मंजूर झाला. रविवारी घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्या हजारोंपैकी अर्धे जरी त्या आठवड्यात बोलले असते, तरी तो आवाज काचेच्या आड पोचला असता.

यंगचं पुढे बरं झालं. सप्टेंबर २०२४मध्ये दोन सामन्यांनंतर त्याला बाकावर बसवलं. महिनाभराने त्याच्या जागी खेळणाऱ्या अनुभवी अँडी डाल्टनला मोटार अपघातात दुखापत झाली, म्हणून यंग परत आला आणि यावेळी टिकला. हंगामाच्या शेवटच्या सामन्यात अटलांटाविरुद्ध त्याने तीन टचडाउन फेकून आणि दोन स्वतः धावून केले, संघ ४४-३८ असा जिंकला. आता तेच लोक म्हणतात, बघा, आम्ही ओरडलो म्हणून सुधारला. हे मला पटत नाही. त्याच्यापुढे भिंत आली, एक प्रशिक्षक टिकून राहिला, त्याला श्वास घ्यायला वेळ मिळाला, आणि बाकीचं त्याने स्वतः केलं.

पण तो सुधारला नसता तर? २००२ साली ह्यूस्टनच्या नव्याकोऱ्या संघाने पहिली निवड म्हणून डेव्हिड कार नावाचा क्वार्टरबॅक घेतला. त्या एका हंगामात तो ७६ वेळा आडवा झाला. तो विक्रम अजून मोडलेला नाही. तीन वर्षांनी पुन्हा ६८ वेळा. २००७मध्ये संघाने त्याला सोडलं आणि तो पुढे बहुतेक राखीव म्हणूनच खेळला. त्याच्या वाट्याला अटलांटासारखा सामना आला नाही. त्याच्यावर झालेली हुर्यो त्यामुळे रास्त ठरत नाही. त्याच्या पुढची भिंत ज्यांनी बांधली, त्यांची नावं मात्र आज कुणालाच आठवत नाहीत.