०२११२ मधलं शून्य

बारामतीचा एसटीडी कोड ०२११२, इंदापूरचा ०२१११. दोन्ही दिसायला आकडे, पण त्यांची बेरीज कुणी करत नाही. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची को एम ०२६५ ही जात शेतकरी ‘फुले २६५’ म्हणून ओळखतात. कागदोपत्री मात्र सुरुवातीचं शून्य नावाचाच भाग आहे. हे आकडे मोजमाप सांगत नाहीत, ओळख सांगतात.

संगणकाला हा फरक आपोआप कळत नाही. डेटाबेसमध्ये कॉलम तयार करताना त्याचा प्रकार घोषित करावा लागतो, आणि त्या एका शब्दाचं महत्त्व बऱ्याचदा डेटाबेस अपग्रेड करतानाच उमगतं.

डी. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये घडवलेला एसक्यूलाइट हा डेटाबेस स्वतंत्र सर्व्हरशिवाय, ॲपच्या आतच चालतो. अँड्रॉइड फोनमध्येही तोच असतो. त्याची दुसरी आवृत्ती सगळी माहिती मजकूर म्हणूनच साठवी. कॉलमचा प्रकार ‘स्ट्रिंग’ लिहिला तरी ०२११२ जसाच्या तसा राही. २००४ मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि पूर्णांक, दशांश, मजकूर वेगवेगळे साठवले जाऊ लागले. आता घोषित नावात ‘टेक्स्ट’ किंवा ‘कॅर’ असेल तर कॉलम मजकुराचा ठरतो. ‘स्ट्रिंग’ मात्र कोणत्याच नियमात बसत नाही, म्हणून तो अंकीय धरला जातो. ०२११२ चा २११२ होतो.

चूक झाल्याचा संदेशही येत नाही.

जमिनीच्या गट नंबरांची गत आणखी विचित्र. अशा कॉलममध्ये १४५ पूर्णांक होतो, तर १४५/१ मजकूरच राहतो. क्रम लावताना सगळे अंक आधी येतात. त्यामुळे ९०० हा गट १४५/१ च्या आधी जाऊन बसतो आणि एकाच जमिनीचे पोटहिस्से मूळ गटापासून तुटतात.

२०२१ मध्ये एसक्यूलाइटनं ‘स्ट्रिक्ट’ टेबलची सोय दिली. त्यात ‘स्ट्रिंग’ हा प्रकार घोषितच करता येत नाही. पण जुनी टेबलं त्यामुळे सुधारत नाहीत. कॉलमचा प्रकार जागच्या जागी बदलण्याची सोय एसक्यूलाइटमध्ये नाही. योग्य प्रकाराचं नवं टेबल करून नोंदी त्यात हलवाव्या लागतात.

एसटीडी कोडचं गेलेलं शून्य पुन्हा लावता येतं, कारण ते प्रत्येक कोडला असतंच. पण मुळात २६५ लिहिलं होतं की ०२६५, हे उरलेल्या आकड्यावरून कधीच कळणार नाही. म्हणून अपग्रेडआधी जुन्या फाइलची प्रत ठेवावी, ओळखीचे सगळे कॉलम ‘टेक्स्ट’ करावेत आणि शून्यानं सुरू होणाऱ्या नोंदी दोन्हीकडे मोजून, जुळल्या तरच नवी फाइल वापरात आणावी.