मूळ ओळ आधी बघ

कर्जत, जि. अहिल्यानगर

चि. ऋतुजास,


दूध संकलनाच्या प्रोग्रॅममध्ये तुझे आणि मैत्रिणीचे बदल गिटने मर्ज करताना कॉन्फ्लिक्ट आला आणि तू ‘ॲक्सेप्ट बोथ’ दाबून मोकळी झालीस, हे वाचून हसू आलं. व्हीएस कोडने बटणं समोर ठेवली की बोटं शिवशिवणारच. पण झालं काय, ते बघ. मूळ ओळ होती: रक्कम म्हणजे लिटर गुणिले दर. तू तिथे फॅटप्रमाणे दर आणलास. मैत्रिणीने त्याच ओळीत रक्कम पैशापर्यंत राउंड केली. ‘बोथ’ने दोन्ही ओळी एकाखाली एक मांडल्या, खालचीने वरचीची रक्कम पुसली आणि चांगल्या फॅटचं दूध घालणाऱ्याच्या पदरी साधाच दर पडला. हवी होती ती तिसरीच ओळ: आधी फॅटचा दर लावणारी, मग राउंड करणारी. ती तुम्ही दोघींनीही लिहिली नव्हती, मग गिट कुठून आणणार?

दोघी जिथून फुटलात तो मूळ पाठ गिट शोधून काढतं. एकीनेच बदललेली ओळ मुकाट घेतं. दोघींनी तीच ओळ वेगवेगळी बदलली असेल, तर सात-सात चिन्हांच्या रेघा ओढून हात वर करतं. या रेघांत मूळ ओळ एरवी दिसत नाही, म्हणून कॉन्फ्लिक्ट स्टाइल ‘डिफ३’ करून ठेव. मग ती मधोमध येते. ती दिसली की ‘माझं की तिचं’ हे भांडणच उरत नाही. मी काय करायला निघाले होते आणि ती काय, एवढंच बघायचं.

मूळ पाठ हरवण्याची ही अडचण जुनीच. आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाला, १२९० मध्ये ज्ञानेश्वरी झाली. नकला होत गेल्या तसे पाठ बदलले. जवळजवळ तीनशे वर्षांनी, १५८४ मध्ये, एकनाथांनी पाठ शुद्ध केला आणि पुढे कुणी आपली ओवी त्यात घुसडू नये असं बजावलंही. कोणती ओवी कुणी, कधी बदलली, हे पोथी थोडंच सांगते! इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक पोथी छापली, तरी पाठांचा वाद मिटला नाही. तुला मात्र ‘गिट ब्लेम’ मारलं की ओळीमागचं नाव आणि तारीख हजर. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये गिट लिहिलं तेच मुळी लिनक्सच्या कर्नलसाठी, जगभरातल्या असंख्य हातांचे बदल एकत्र आणायला.

कॉन्फ्लिक्ट निदान ओरडून सांगतो. मला धास्ती वाटते ती बिनबोभाट झालेल्या मर्जची. समज, तू दर पैशांत घेणारं फंक्शन केलंस आणि मैत्रीण दुसऱ्या फाइलमधून त्याला रुपयेच देत राहिली. ओळी वेगळ्या, गिटची तक्रार शून्य, आणि बिल शंभर पटीने चुकलेलं. म्हणून मर्जनंतर टेस्ट चालवल्याशिवाय पुश करायचं नाही. एका शेतकऱ्याचं एका दिवसाचं बिल हाताने काढून ताडून बघितलंस तरी पुष्कळ.

डोकं चालेना तर ‘मर्ज ॲबॉर्ट’ कर, होतीस तिथे परत येशील. त्यात कमीपणा काही नाही. आणि रिबेस करताना जरा जपून: तिथे ‘करंट’ म्हणजे ज्या ब्रँचवर तू आपलं काम चढवतेस ती, तुझे बदल ‘इनकमिंग’ खाली असतात. भले भले तिथे फसतात.

दुरुस्त केलेली ओळ पाठव, मैत्रिणीला दाखवून मगच.

तुझा,
बापूकाका