जांभळाचं सॉर्बे, सावकाश

अर्धा किलो जांभळं परातीत घेऊन बसा. पालघरकडची, बहाडोलीची टपोरी, गरदार जांभळं मिळाली तर उत्तमच. नाहीतर कोपऱ्यावरच्या मावशींच्या टोपलीतली चालतील. मोबाइल दुसऱ्या खोलीत राहू दे. जांभळाचा हंगाम थोड्या दिवसांचा असतो. पाऊस जोरात लागला की झाडाखाली नुसता सडा पडतो आणि फळ मातीत फुटून जातं. हाती आलं आहे तोवर त्याला वेळ देऊ.

एक जांभूळ उचला आणि नुसतं बघा. लांबून काळं वाटतं. उजेडात धरलं की देठाजवळ किरमिजी झाक दिसते. आता तोंडात ठेवा. चावायची घाई नको. दात लागल्यावर आधी गोड येतं, त्यामागून आंबट, आणि सगळ्यात शेवटी तुरटपणा जीभ आवळून धरतो. तो कुठे कुठे जाणवतो ते शोधा: टाळूला, गालांच्या आतून, हिरड्यांवर. फळातली टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतात, त्यामुळे तोंडातला ओला निसरडेपणा जातो. हे सगळं ओसरेपर्यंत दुसऱ्या जांभळाला हात लावू नका. सॉर्बेत दूध नाही, साय नाही. फळ, साखर आणि पाणी, एवढ्यावर ते उभं राहतं. म्हणून हा तुरटपणा जपायचा. तो गेला तर उरेल तो नुसता जांभळ्या रंगाचा गोड बर्फ.

फळं मिठाच्या पाण्यातून काढा आणि हातानेच गर सोडवा. मिक्सर मी इथे वापरत नाही. एखादी बी पात्यात सापडली की तिचा कडवट चुरा गरात उतरतो. अंगठा बीवरून फिरू द्या. गर सहज सुटत नाही, बीला धरून राहतो, मग एकदम निसटतो. नखांच्या कडा जांभळ्या होतील, होऊ द्या. साधारण साडेतीनशे ग्रॅम गर निघेल. ११० ग्रॅम साखर १२० मिलिलिटर पाण्यात विरघळवून, पाक पूर्ण निवल्यावर गरात मिसळा. चिमूटभर मीठ घाला. मग चमचाभर लिंबाचा रस, पण तो थेंबाथेंबाने, बघत बघत. थेंब पडतो तिथे जांभळा रंग लालसर होतो. ढवळण्याआधी त्या डागाकडे क्षणभर बघा.

चाखा. तुम्हाला आवडतं त्याहून किंचित जास्त गोड लागायला हवं, कारण थंडीत जिभेला गोडी कमी कळते.

आता पसरट स्टीलचा डबा झाकण लावून फ्रीझरमध्ये ठेवा आणि दोन मिनिटं तिथेच थांबा. आत काय चाललं आहे ते मनात आणा. डब्याच्या कडेला, धातू लागतो तिथे, पहिले स्फटिक धरतात. ते निव्वळ पाण्याचे असतात. साखर आणि फळाचा अर्क त्या बर्फात शिरत नाहीत. बाजूला सारले जातात. एक लिटर पाण्यात सुमारे १८० ग्रॅम साखर विरघळली की गोठणबिंदू साधारण १ अंशाने खाली जातो. पाणी गोठत जाईल तसा उरलेला पाक दाट होतो आणि गोठणं आणखी अवघड होत जातं. घरच्या फ्रीझरच्या उणे १८ अंशांतही थोडा पाक न गोठता राहतोच, आणि तो राहतो म्हणूनच चमचा आत जातो. फळाची गोडी पाण्याला पुरतं दगड होऊ देत नाही, याचं मला दर वेळी नवल वाटतं. पूर्वी पॉटच्या आइस्क्रीमला बर्फात खडे मीठ घालायचे, त्यामागे हेच होतं: मिठाने बर्फ शून्याच्या बराच खाली जातो.

पाऊण तासाने परत या. फ्रीझर उघडण्याआधी अंदाज करा: कड किती धरली असेल? मध्ये किती पातळ असेल? मग उघडा. काट्याने कडेचा बर्फ मोडून आत ओढा, आतलं कडेला सारा. स्फटिक वाढायच्या आत मोडले की बारीक राहतात, आणि जिभेला मऊ लागतात. कान द्या. पहिल्या खेपेला काटा पाण्यात फिरल्यासारखा वाजतो, पुढच्या खेपेला करकरतो, आणि मग आवाज दबत जातो. दर अर्ध्या-पाऊण तासाने, तीन-चार वेळा. मधल्या वेळात घरची कामं करा, पण प्रत्येक वेळी दार उघडण्याआधी तो अंदाज चुकवू नका.

घट्ट झालं की वाटीत घ्या. वर क्रीम नको, पुदिनाही नको. पहिला चमचा जिभेवर ठेवून थांबा. आधी नुसता गारवा. चव कुठेच नाही. वितळू लागलं की गोडी उलगडते, मग आंबट. तुरटपणा सगळ्यात उशिरा, घास गिळून झाल्यावर येतो. त्याची वाट बघा, मगच दुसरा चमचा.

उरलेलं रात्रभरात कडक होईल. खाण्याआधी दहा मिनिटं बाहेर काढून ठेवा आणि तेवढ्यात शेजारी हाक मारा. अर्ध्या किलोत चौघांचं आरामात होतं.